हो, खरं आहे: पॉर्नमध्ये काम केलेल्या इंदूरच्या मुलीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जे ऐकलं ते खरं आहे का?

हो. मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. लंडनमध्ये काही वर्षं मी पॉर्न फिल्ममध्ये कॅमेऱ्यासमोर काम केलं. आता कॅमेऱ्यामागे आहे. शूटचं वेळापत्रक, करार आणि कागदपत्रं बघते. धंदा तोच, फक्त कपडे अंगावर असतात.

मग हे लिहून ठेवायची काय गरज होती?

कारण हे प्रश्न मला कोणी विचारतच नाही. माझ्या आईला विचारतात. भाजीच्या ठेल्यापाशी, नाटकाच्या मध्यंतरात, गणपतीच्या आरतीनंतर खिरापत वाटताना. आई सत्तरीची आहे, तिने तेच ते किती वेळा सांगायचं? आता ती म्हणते, "तिने लिहून ठेवलंय, वाचून घ्या."

दुसरं कारण म्हणजे मला येणारे मेसेज. इंदूर, देवास, उज्जैनहून मुलींचे येतात, क्वचित मुलांचेही. कोणी हे काम करतंय, कोणी करायच्या विचारात आहे, कोणाच्या बहिणीचं कळलंय. खालची मोठी उत्तरं त्यांच्यासाठी आहेत. बाकीच्यांनी छोटी वाचली तरी चालेल.

एवढं मोकळेपणाने सांगतेस, तर नाव का नाही?

ज्यांना मला ओळखायचं आहे ते एव्हाना ओळखून चुकलेत. पडद्यावरचं नाव वेगळं आहे (ह्या धंद्यात जवळजवळ सगळ्यांचं असतं, खरं नाव फक्त करारावर) आणि ते मी घरी कोणालाही सांगितलेलं नाही. मी काय काम करत होते हे काकांना माहीत असावं, पण ते काम त्यांनी बघावं अशी माझी इच्छा नाही, आणि त्यांचीही नसावी. मोकळेपणाने सांगायचं म्हणजे लोकांच्या हातात पत्ता द्यायचा, असं कोणी ठरवलं?

घरी कसं सांगितलंस?

फोनवर नाही. तिथे जाऊन.

जानेवारी होता, संक्रांत नुकतीच झालेली. जेवणं आटपली होती. बाबा पेपर घेऊन बसले होते आणि आई हरभऱ्याची भाजी निवडत होती. मी पहिल्याच वाक्यात काम काय ते सांगितलं, दुसऱ्यात माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही हे, आणि तिसऱ्यात तिथे हे कायदेशीर आहे हे. ही वाक्यं मी विमानात घोकली होती. आई ऐकत ऐकत निवडतच राहिली. माझं बोलून झालं तेव्हा पाहिलं, तर पाला आणि काड्या एकाच ताटात पडलेल्या.

तिने पहिलं विचारलं, "नक्की कोणी बळजबरी नाही ना केली?" आणि दुसरं, "आत्यांना कोण सांगणार?" बाबा काही बोलले नाहीत. चपला घालून बाहेर पडले ते दिवेलागणीला परत आले. ह्या विषयावर त्यांचं पहिलं वाक्य ऐकायला मला पुढची दिवाळी उजाडली. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत. ते वाक्य होतं, "टॅक्स तिथेच भरतेस ना?"

ज्यांना हे सांगायचं आहे त्यांच्यासाठी मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, 'मॉडेलिंग करते', 'मीडियात आहे' अशा आडवळणाने सुरुवात करू नका. उरलेलं त्यांना दुसऱ्याकडून कळतं, आणि मग त्यांना कामापेक्षा तुमचं खोटं जास्त लागतं. दोन, घरातल्या एकाला आधी सांगून ठेवा, आणि तो माणूस तुम्ही निघून गेल्यावरही तिथेच राहणारा असावा. माझ्या भावाला ठाऊक होतं आणि त्या आठवड्यात तो मुद्दाम घरी थांबला होता. मी परत लंडनला गेल्यावर त्या दोघांना बोलायला कोणीतरी हवं होतं. ते माझ्याशी बोलू शकत नव्हते, पण त्याच्याशी बोलले. तीन, समोरून त्याच दिवशी समजूतदारपणाची अपेक्षा धरू नका. सांगायची तयारी करायला तुम्हाला वर्षं मिळालेली असतात आणि त्यांना मात्र एक दुपार.

आणि हो, जे पैशाने घरच्यांवर अवलंबून आहेत, ज्यांना घराबाहेर काढतील किंवा मारतील अशी भीती आहे, त्यांनी आत्ता सांगू नये. गप्प राहणं म्हणजे भित्रेपणा नाही. आधी राहायची सोय आणि स्वतःचं बँक खातं.

पण आई-बाबांचा ह्यात काय दोष? त्यांना इथे तोंड दाखवायचंय.

हा प्रश्न बहुधा रागाने विचारला जातो, पण बिनतोड आहे.

मी राहते तिथे शेजाऱ्याला माझं नावही नीट उच्चारता येत नाही. निंदानालस्ती सगळी रामबागेत. एका घरून हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. मामेबहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांनी 'ती लंडनची कोण?' म्हणून चौकशी केली, आणि मामाला दोन दिवस झोप नव्हती. (लग्न झालं. मुलाकडच्यांना हुंड्याची मोटारगाडी जास्त महत्त्वाची होती, पण तो वेगळा विषय.) मी 'माझं आयुष्य, माझा निर्णय' म्हणते ते खरंच आहे, पण माझ्या निर्णयाचा हप्ता दर महिन्याला दुसरंच कोणी भरत असेल तर त्या माणसाला विचारायला हवं.

म्हणून आमच्यात आता एक ठरलेलं आहे. लंडनमध्ये कोणाला सांगायचं ते मी ठरवते, इंदूरमध्ये आई ठरवते. आत्यांना तिनेच सांगितलं, तिच्या शब्दांत आणि तिच्या वेळेने. मी तिथे असते तर नक्की मध्ये बोलले असते. हे पानही आधी त्या दोघांनी वाचलं. आईने दोन उत्तरं काढायला लावली, ती काढली. बाबांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं.

सगळ्यांनीच पाठ फिरवली असंही नाही. शेजारच्या भाभींना सगळं कळल्यावर त्या आल्या, चहा प्यायल्या, आणि निघताना दारात म्हणाल्या, "बिटिया गर्मी में आएगी ना? कैरी का अचार डाल रही हूँ।" त्या विषयावर त्या आजवर त्याच्या पुढे गेलेल्या नाहीत. आईला तेवढं पुरलं.

पैशासाठी केलंस का? कोणी फसवलं का?

पैसे मिळतात म्हणूनच केलं, जसं लोक नोकरी करतात. फसवलं नाही. पण फसवतात, आणि कसं फसवतात ते सांगायला हवं.

अमेरिकेत सॅन डिएगोत एक मोठा खटला झाला. तरुण मुलींना सांगितलं जायचं की ही फिल्म फक्त परदेशातल्या मोजक्या गिऱ्हाइकांसाठी डीव्हीडीवर जाणार, नेटवर कधीच येणार नाही, तुमच्या गावात कोणाला कळणार नाही. प्रत्यक्षात ती सरळ इंटरनेटवर टाकली जायची. २२ जणींनी दावा लावला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. नंतर सूत्रधारांवर फौजदारी खटले चालून तुरुंगवासही झाला. बघा, खोटं पैशाविषयी नव्हतं, 'कोण बघणार' ह्याविषयी होतं. "तुमच्याकडे हे कोणी बघणार नाही" असं जो सांगेल त्याच्याकडे सही करू नका. तुमच्याकडेच सगळ्यात जास्त बघतील.

पैशाचं गणितही लोकांना वाटतं तसं नाही. सीनप्रमाणे एकदा रक्कम मिळते. पुढे तो व्हिडिओ दहा वर्षं चालला तरी सहसा त्यातला एक पैसा कलाकाराकडे येत नाही. महिना ठरलेला नाही, पेन्शन नाही, आजारी पडलं की कमाई बंद. फुकट बघायच्या वेबसाइट आल्यापासून स्टुडिओंचे दर खाली आले, म्हणून आता बहुतेक जण स्वतःचं सदस्यत्वाचं खातं चालवतात. ओन्लीफॅन्स हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं. २०१६ मध्ये लंडनमध्येच सुरू झालं आणि कमाईतले २० टक्के स्वतःकडे ठेवतं. बाकीचे ८० टक्के ऐकायला छान वाटतात. त्यातून कॅमेरा, लाइट, घरभाडं, कर आणि रोजचे तासन् तास चॅट वजा करा.

तिथे नक्की होतं काय? म्हणजे... कसं असतं?

ह्या प्रश्नाला लोक आवाज खाली आणतात, आणि उत्तर ऐकून हिरमुसतात. बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो.

सकाळी पोचलं की आधी ओळखपत्रं. ती तपासायची, त्यांच्यासकट फोटो काढायचा, नोंद करायची. अमेरिकेत कायद्यानेच निर्मात्याला प्रत्येक कलाकाराच्या वयाचा पुरावा जपून ठेवावा लागतो, आणि माल अमेरिकन साइटवर विकायचा असेल तर लंडनवाल्यांनाही त्याच पद्धतीने चालावं लागतं. मग चाचण्यांचे रिपोर्ट. मग करार. आणि एक यादी: काय करणार, काय नाही, काय आधी विचारून. समोरच्याने आपली यादी वाचायची, आपण त्याची वाचायची, मोठ्याने. आता हे काम मी घेते, आणि कोणी 'चालतं सगळं' म्हणून यादी न वाचता सही करायला लागलं की मी पेन काढून घेते. कॅमेरा चालू करून कलाकाराकडून आधी आणि नंतर बोलूनही घेतात, की मी शुद्धीत आहे, मर्जीने करते आहे, पैसे ठरलेत.

आणि थंडी. लंडनचे गोदामासारखे स्टुडिओ. हीटर असतो, पण तो घरघरतो म्हणून टेक सुरू झाला की बंद करतात. मध्येच मायक्रोफोनवाला म्हणणार, "दोन मिनिटं, विमान चाललंय." अर्ध्या तासाच्या फिल्मसाठी अख्खा दिवस जातो. कामुक वगैरे काय असेल ते एडिटिंगनंतर.

सगळीकडे असं नीट चालत नाही. जिथे यादी नाही, नंतरचं बोलणं नाही, 'करार संध्याकाळी करू' असं म्हणतात, तिथून उठून यायचं.

आजार?

अमेरिकेतल्या स्टुडिओंमध्ये एचआयव्ही, गरमी, परमा, क्लॅमिडिया, काविळीचे प्रकार ह्यांची १४ दिवसांच्या आतली चाचणी लागते. रिपोर्ट नाही तर काम नाही. कोणाचा एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सगळ्यांचंच शूटिंग थांबवतात. २०१३ मध्ये तिथे हे एकाहून जास्त वेळा झालं. लंडनमध्ये मीही चौदा दिवसच पाळले. इंदूरमध्ये लग्न ठरवताना पत्रिका बघतात, रक्त किती जण तपासतात ते सांगा.

भारतात हे काम केलं तर?

नका करू. ह्याचं नीतीशी काही देणंघेणं नाही, हे निव्वळ कायद्यामुळे सांगते.

आपल्याकडे मोठ्या माणसाने खाजगीत पॉर्न बघणं हा गुन्हा नाही. बनवणं, विकणं, पसरवणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, त्याचं कलम ६७ अश्लील मजकूर नेटवर टाकण्याबद्दल आहे: पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. कलम ६७अ उघड लैंगिक कृत्याच्या चित्रणाबद्दल: पहिल्यांदा ५ वर्षांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत, पुन्हा सापडलात तर ७ वर्षांपर्यंत. वर भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ (१ जुलै २०२४ पासून; आधी भारतीय दंडविधानाचं २९२) आणि स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा. मुलांचं चित्रण असेल तर नुसतं मोबाइलमध्ये ठेवणंसुद्धा गुन्हा; सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात ते आणखी स्पष्ट केलं.

ह्या कलमांमध्ये 'कलाकाराची संमती होती' ह्याने सुटका होत नाही. म्हणजे निर्मात्याने पैसे बुडवले किंवा सेटवर ठरल्याबाहेरचं करायला लावलं, तरी तक्रार करायला जाणारी मुलगी स्वतःच आरोपी व्हायची शक्यता. बाकी सगळ्यापेक्षा मला हे भयंकर वाटतं. लपून चालणाऱ्या धंद्यात यादी वाचून दाखवायला कोण बसलंय? २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी ॲपसाठी असे व्हिडिओ बनवल्याच्या आरोपावरून अटका केल्या, तेव्हा वेब सीरिजच्या नावाखाली बोलावून ऐन वेळी कपडे काढायला लावल्याच्या तक्रारीही बाहेर आल्या. केंद्राने मार्च २०२४ मध्ये १८ ओटीटी ब्लॉक केले, जुलै २०२५ मध्ये आणखी २५ ॲप. तरी 'बोल्ड सीरिजसाठी नवे चेहरे हवेत' ह्या जाहिराती येतच असतात, आणि ऑडिशनच्या खर्चासाठी आगाऊ पैसे मागतात ते निराळंच.

मग तू इंदूरला येतेस तेव्हा पोलीस पकडत नाहीत?

मला आजवर कोणी हटकलेलं नाही. मी हे काम ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यावर सुरू केलं आणि भारतात एक फ्रेमही चित्रित केली नाही. येते ती ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते), आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. सरकार ते रद्द करू शकतं. म्हणून इंदूरमध्ये असताना मी माझं कामाचं खातं उघडतसुद्धा नाही.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी मात्र 'मी परदेशात आहे, मला इथला कायदा लागत नाही' ह्या भ्रमात राहू नये. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्यालाही न्याय संहिता लागू होते, फक्त खटला चालवायला केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचा हातही देशाबाहेर पोचतो, भारतातल्या कॉम्प्युटरशी संबंध आला की. किती जणांवर असे खटले होतात हा वेगळा प्रश्न. वकिलाला विचारा, मला नको.

मी यूकेला स्टुडंट व्हिसावर आहे. फक्त ऑनलाइन खातं उघडलं, चेहरा दाखवला नाही, तर?

हा मेसेज मला सगळ्यात जास्त येतो. तिथे पॉर्न कायदेशीर आहे, पण तुमच्या व्हिसावर ते काम कायदेशीर नाही. स्टुडंट व्हिसात स्वयंरोजगाराला मनाई आहे, आणि सदस्यत्वाचं खातं चालवणं हा स्वयंरोजगारच. आठवड्याला २० तासांची सवलत नोकरीसाठी असते, ह्याच्यासाठी नाही. पकडलं गेलं तर प्रकरण अश्लीलतेचं होत नाही, व्हिसाची अट मोडल्याचं होतं, आणि शिक्षण अर्धं टाकून परत यावं लागतं. मग घरी दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

चेहरा न दाखवल्याने फार काही लपत नाही. तीळ, टॅटू, खोलीतला पडदा, मागे ऐकू येणारा आवाज. एकीला तिच्या मैत्रिणीने चादरीवरून ओळखलं, कारण ती चादर दोघींनी मिळून घेतली होती.

सनी लिओनीला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. तुला काय होतंय?

ती कॅनडात जन्मलेली, अमेरिकेत नाव झालेली, २०११ मध्ये बिग बॉसमध्ये आली तेव्हा काय काम करते हे जगजाहीर होतं. लपवायला काही नव्हतंच. डोक्यावर घेतलं म्हणता, तर जानेवारी २०१६ ची ती टीव्हीवरची मुलाखत आठवा. मुलाखतकार फिरून फिरून तिच्या भूतकाळावर येत होता, तिला कशाचा तरी पस्तावा आहे असं वदवून घ्यायला बघत होता, आणि ती शांतपणे उत्तरं देत होती. दुसऱ्या दिवशी लोक तिच्या बाजूने बोलले, आमिर खानने तिच्यासोबत काम करायला आवडेल असं जाहीर केलं. ती मुलाखत बाबांनीही पाहिली होती. तेव्हा त्यांना माझं माहीत नव्हतं. ते म्हणाले होते, "पोरीला बोलू तरी द्या."

पण सिनेमाच्या पडद्यावरच्या बाईला टाळ्या देणं सोपं आहे. ती तुमच्याकडे सत्यनारायणाला येणार नसते.

बँक, घर, पुढची नोकरी?

ह्यात मोकळेपणा सगळ्यात महागात पडतो. लोकांना वाटतं टोमणे त्रास देतात; त्याहून जास्त त्रास फॉर्म देतात. कर भरताना अडचण नाही, कर खात्याला पैसे कुठून आले ह्याची लाज वाटत नाही. पण बँका कायदेशीर कमाई असूनही खाती बंद करतात आणि कारण धड देत नाहीत. गृहकर्जाला व्यवसाय लिहिला की फोन येईनासा होतो. कार्ड कंपन्यांच्या हातात तर अख्खा धंदा आहे: डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने पॉर्नहबवरचे व्यवहार थांबवले तेव्हा त्या साइटने ओळख न पटलेल्यांचे लाखो व्हिडिओ उडवले. त्यात बळजबरीचे, चोरलेले होते, ते गेले ते उत्तम झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सने पॉर्न बंद करतो असं जाहीर केलं, त्यामागेही बँकांचंच कारण दिलं, आणि आठवड्याभरात निर्णय फिरवला. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या बायका घरभाड्याचे हिशोब करत बसल्या होत्या.

पुढची नोकरी? शाळा, बँक, सरकारी खातं ह्यांचा विचार असेल तर हे काम करू नका. कायदा काही म्हणो, कोणीतरी लिंक पाठवतोच.

व्हिडिओ काढून टाकता येत नाहीत का?

नाही. स्टुडिओच्या फिल्मचे हक्क स्टुडिओचे, सही तुमची. स्वतःच्या खात्यावरचं काढता येतं, पण तोवर त्याच्या नकला टेलिग्रामवर फिरत असतात. सही करताना हे 'कायमचं' आहे असं धरूनच करायची. तुमच्या संमतीशिवाय बाहेर आलेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. खाली वाचा.

कोणीतरी धमकी देतोय, 'घरी सांगेन, पैसे दे'. काय करू?

पैसे देऊ नका. एकदा दिले की पुन्हा मागतात. चॅट उडवू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवा. खंडणी हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, मग तुमचं काम काहीही असो.

हा व्हिडिओ तुमचा खाजगी असेल, प्रियकराने किंवा नवऱ्याने काढलेला, तर तुम्ही आरोपी नाही, फिर्यादी आहात. काढायला हो म्हटलं असेल पण पसरवायला नाही, तरीही न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. १९३० ही मुख्यतः पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाइन आहे, पैसे गेले असतील तर लगेच लावा. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, महिलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत सेवाही आहे: तुमचा फोटो तुमच्या फोनमधून बाहेर न जाता त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे फोटो अडवतात.

तुम्ही भारतात राहून हे काम करत असाल तर पोलिसांकडे जायच्या आधी वकिलाकडे जा. वर लिहिलेल्या कलमांमुळे.

आणि जमत असेल तर ज्याला कळेल ह्याची भीती आहे त्या एका माणसाला तुम्हीच आधी सांगा. सगळ्या गावाला नको, त्या एकालाच. मला एकाने अशीच धमकी दिली होती, मी त्याला भावाचा नंबर पाठवला आणि लिहिलं, संध्याकाळी सहानंतर लाव, तोवर तो ऑफिसात असतो. पुन्हा मेसेज आला नाही.

माझ्या वहिनीचं / बहिणीचं / मुलाचं असं कळलंय. मी काय करू?

आधी तुम्हाला कसं कळलं ते बघा. कोणी लिंक पाठवली असेल तर उघडू नका आणि पुढे तर अजिबात पाठवू नका. मग तिला एकटीला गाठून एवढंच विचारा, "तू ठीक आहेस ना? कोणी जबरदस्ती करतंय का?" उत्तर 'जबरदस्ती आहे' असेल तर वकील, पोलीस, तिची राहायची सोय. 'नाही' असेल तर ती सांगेल तेवढंच ऐका. नवऱ्याला, सासूला, मोठ्या काकांना सांगायचं की नाही हे ती ठरवेल. 'मी तिच्या भल्यासाठी सांगितलं' म्हणणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांच्या त्या भल्याने एकीचं घर मोडलं.

लग्न झालंय का?

झालंय. त्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. त्याच्या आईला सहा महिन्यांनी. ती पंजाबी आहे, तिने आधी मला वाढलं, मग रडली.

तुमच्या भाच्याने विचारलं तर?

तो नऊ वर्षांचा आहे. त्याला माहीत आहे की मावशी फिल्मचं ऑफिस सांभाळते आणि त्या फिल्म मोठ्या माणसांसाठी असतात. हे खरंच आहे. आणखी मोठा झाला की आणखी सांगू, शाळेतल्या कोणी सांगायच्या आत. ते माझ्या बहिणीने आणि मी मिळून ठरवलंय.

आणखी काही विचारायचं असेल तर?

विचारा. फक्त पडद्यावरचं नाव विचारू नका, आणि 'माझ्या मित्राने चुकून पाहिलं' असं म्हणू नका. एवढ्या जणांना एवढं सगळं चुकून दिसत असेल तर डोळे तपासून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर कोणाचीही क्लिप पाठवून 'ही तूच का?' असं विचारू नका. मी नसेन तर दुसऱ्या कोणा बाईची बदनामी होते. मी असले तरी क्लिप पुढे पाठवणारा तुम्ही असता, आणि कलम ६७अ पाठवणाऱ्यालाही लागतं.